घरचा व्यवहार : मोटारींतील दुर्गंधी

घरीं पाहुणे यावयाचे असले म्हणजे आपण ओटी झाडून घेतों, सतरंजी झटकतों, मोरी घांसून काढतों, आणि सर्व झाल्यावर देवघरांत उदबत्ती लावतों. ह्या क्रमांत उदबत्ती शेवटीं येते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मोरी तुंबलेली ठेवून तिच्या तोंडाशीं उदबत्ती लावणारी गृहिणी आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु तेंच कुटुंब मोटारींत बसलें कीं हा क्रम उलटा होतो. गाडींत कुबट वास आला कीं प्रथम बाजारांतून सुगंधाची बाटली येते, ती आरशाखालीं टांगली जाते, आणि पुढें कांहींच होत नाहीं.

मोटार ही आजच्या कुटुंबांतील सर्वांत लहान खोली होय. तिला खिडक्या असतात, पण त्या बहुधा बंद. जमीन असते, पण ती सहजासहजीं धुतां येत नाहीं. आणि तींत पांच-सात माणसें, त्यांचे डबे, पादत्राणें, भिजलेल्या छत्र्या व मंडईंतील पिशव्या हीं सर्व एकाच वेळीं नांदतात. अशा खोलींत वास येणें हें नवल नव्हे. नवल हें कीं, तो येत आहे हें घरच्यांस कळत नाहीं. ह्या न कळण्यापायीं आमच्या घरीं काय घडलें तें आज सांगावयाचें आहे. उपाय त्याच्या ओघानें येतील.

तीन वर्षांपूर्वीं कोजागिरीच्या दिवशीं आम्ही मसाल्याच्या दुधासाठीं ६ लिटर दूध घेऊन येत होतों. एका वळणावर पिशव्या घसरल्या व त्यांतील दोन मागील आसनाच्या पायथ्याशीं फुटल्या. घरीं येतांच वरची रबरी चटई काढून धुतली, खालचें जाजम ओल्या फडक्यानें पुसलें, आणि काम झालें असें समजून सर्वजण गच्चीवर गेलों. चार दिवसांनीं आंबूस वास येऊं लागला. धाकट्या बंधूंनीं चमेलीच्या वासाची बाटली आणून लावली. आठवड्याभरांत वास गेला, असें आम्हांस वाटलें.

पुढें माघांत एका मुंजीस जात असतां आमच्या आत्याबाईंस वाटेंत फार मळमळूं लागलें. खंडाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांस बाहेर बसवावें लागलें. आत्याबाई तेव्हां ७८ वर्षांच्या होत्या. त्याच चैत्रांत गुहागरास व्याडेश्वराला अभिषेकासाठीं जाण्याचा बेत ठरला. तें आमचें कुलदैवत. त्या वारीला आत्याबाई कधीं चुकल्या नव्हत्या. परंतु त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. देवाला माझा नमस्कार सांगा. आतां हें शरीर प्रवासाचें राहिलें नाहीं." आम्ही वयोमान म्हणून गप्प बसलों. त्यानंतर सव्वा वर्ष त्या आमच्या मोटारींत बसल्या नाहींत. लग्नें टाळलीं, माहेरच्या माणसांच्या भेटी टाळल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र त्या रिक्षांतून जात, आणि तेथें जातांना त्यांस कांहींही होत नसे. ही खूण आम्हांस रोज दिसत होती. परंतु तिचा अर्थ आम्हीं लावला नाहीं.

अर्थ लावला तो बंगळूरहून आलेल्या आमच्या पुतणीनें. स्थानकावर तिला आणावयास गेलों. दार उघडून ती मागें बसली आणि क्षणांत म्हणाली, "काका, ह्या गाडींत कुणी ओकलें होतें का?" आम्हीं तिला चमेलीची बाटली दाखविली. ती म्हणाली, "तिचाही वास येतो आहे, आणि त्याचाही."

नाकाची एक खोड आहे. तोच वास सतत येत राहिला तर थोड्याच मिनिटांत नाक व मेंदू त्याची दखल घेणें सोडून देतात. अत्तराच्या दुकानांत बसणाऱ्यास अत्तराचा वास येत नाहीं तो ह्याच कारणानें. ही खोड एरव्हीं उपकारक आहे. जुन्या वासाकडे दुर्लक्ष झालें तरच नवा वास चटकन् कळतो. परंतु मोटारीच्या बाबतींत तिचा परिणाम असा होतो कीं, रोज गाडी चालविणारा मनुष्य हा त्या गाडीच्या वासाविषयीं सर्वांत वाईट साक्षीदार ठरतो, आणि क्वचित् बसणारें माणूस सर्वांत चांगला. आमच्या घरीं क्वचित् बसणाऱ्या त्या एकट्या आत्याबाईच. त्यांनीं आपली साक्ष खंडाळ्यालाच दिली होती. आम्हीं ती वार्धक्याच्या खात्यावर मांडली.

पुतणीनें वांतीचें नांव घेतलें, तेंही उगाच नव्हे. दूध जाजमांत मुरलें म्हणजे त्यांतील साखरेचें सूक्ष्म जंतु आम्ल करितात, आणि स्निग्धांश कुजून ब्युटिरिक नांवाचें आम्ल सुटतें. खवट लोण्याचा उग्र दर्प तो ह्याच आम्लाचा, आणि वांतीच्या वासांतही मुख्य भाग त्याचाच. म्हणजे आत्याबाईंस आम्ही घाटाच्या रस्त्यानें, बंद कांचांच्या पेटींत, वांतीच्या वासावर बसवून नेत होतों. प्रवासांत डोळे सांगतात कीं आपण स्थिर आहों, आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण हलत आहों. ह्या विसंगतींतून मळमळ उत्पन्न होते, आणि तींत असा वास मिसळला म्हणजे ती दुणावते. वर चमेलीची भर. सुगंधानें दुर्गंध मरत नाहीं. दोघे मिळून तिसराच वास होतो.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोटारींत टांगावयाचें कागदी सुगंधी झाड जगभर प्रसिद्ध आहे. तें १९५२ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत वॉटरटाउन येथें ज्युलियस सेमन ह्या रसायनज्ञानें तयार केलें. आणि त्याची प्रेरणा म्हणून सांगितली जाते ती, गाडींत सांडलेल्या दुधाच्या वासाला कंटाळलेल्या एका दूधवाल्याची तक्रार! दूधवाल्याच्या गाडीचें जाजम पुढें कोणी उचलून पाहिलें कीं नाहीं, हें मात्र त्या गोष्टींत येत नाहीं.

आम्हीं आमचें उचलून पाहिलें. गॅरेजमधील कारागिराकडून मागील आसन काढविलें. जाजमाखालीं स्पंजासारखा जाड थर असतो. त्यावर तळहाताएवढे पिवळे पापुद्रे व भोंवतीं काळसर बुरशी होती. जाजमाचा वरचा पृष्ठभाग मात्र अगदीं स्वच्छ होता.

ह्यापुढें काय करावें तें क्रमानें सांगतों. प्रथम मूळ शोधावें. गाडी तासभर उन्हांत कांचा लावून उभी करावी. उष्णतेनें वास वर येतो. नंतर रोज गाडींत न बसणाऱ्या माणसाला दार उघडून एकेका कोपऱ्याशीं नाक नेण्यास सांगावें. आसनांखालीं, आसनांच्या फटींत, सामानाच्या कप्प्यांत जादा चाक ठेवतात त्या खळग्यांत अवश्य पाहावें. प्रवासांतील अर्धा लाडू, केळ्याची साल, मंडईंतून घरंगळलेला बटाटा अशा ठिकाणीं सांपडतो. मग सुटी घाण काढून, पोकळी असलेल्या यंत्रानें धूळ ओढून घ्यावी.

दूध, वांती, अंडें, ह्यांचे डाग ऊन पाण्यानें धुऊं नयेत. कढत पाण्यानें त्यांतील प्रथिनें थिजून धाग्यांस अधिकच चिकटतात. गार किंवा कोमट पाणी वापरावें, आणि घांसण्याऐवजीं कोरडें फडकें दाबून ओल टिपावी. घांसल्यानें घाण खोल जाते. अशा डागांसाठीं किण्वयुक्त द्रव मिळतात. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या डागांसाठीं म्हणूनही ते विकले जातात. त्यांतील किण्वें प्रथिनें व स्निग्धांश तोडून टाकतात. परंतु त्यांस वेळ लागतो. डबीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत डाग ओला राहिला पाहिजे, आणि जेथवर दूध मुरलें तेथवर द्रवही मुरला पाहिजे. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधीं थोडा लावून रंग जात नाहीं ना तें पाहावें.

ह्यानंतर वाळविणें, आणि येथेंच बहुतेक जण घाई करितात. जाजम वरून कोरडें लागलें तरी खालचा थर कित्येक दिवस ओला राहतो. जाजम उचलून खालीं लांकडी ठोकळे द्यावेत, रद्दी कागदांचे बोळे ठेवून ते ओले झाले कीं बदलावेत, चारही दारें उघडून ऊन व पंख्याचा वारा द्यावा. हें काम पावसाळ्याच्या आधींच उरकावें. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा जाड पसरून रात्रभर ठेवावा व सकाळीं यंत्रानें ओढून घ्यावा. सोडा अल्कधर्मी असल्यामुळें आम्ल वासांवर तो उपयोगी पडतो. उलट मासळीचा वास अल्कधर्मी असतो. त्यावर आम्ल हवें. आमच्या कोंकण-गोव्याकडील सारस्वत वाचकभगिनी मासळीवर लिंबू पिळतात, त्यांत हेंच शास्त्र आहे. मासळीचें पाणी सांडल्यास पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनें पुसावें. राहिलेल्या सूक्ष्म वासासाठीं सक्रिय कोळसा कापडी पिशवींत घालून ठेवावा. तो वास आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. तंबाखूच्या धुराचा थर मात्र छताच्या कापडापर्यंत बसतो व महिनोन्महिने राहतो. तो काढणें कष्टाचें आहे. गाडींत कोणासही धूम्रपान करूं न देणें सोपें आहे.

आमच्याकडील वास दुधाचा होता. पुष्कळ घरीं तो एअरकंडिशनरचा असतो. यंत्र सुरू करतांच पहिल्या मिनिटांत ओल्या पायपुसण्यासारखा वास आला, तर त्याचें कारण असें कीं, आंतील थंड नळ्यांच्या जाळ्यावर हवेंतील बाष्पाचें पाणी जमतें, त्यावर धूळ बसते, आणि अंधारांत बुरशी वाढते. मुक्काम येण्यापूर्वीं चार-पांच मिनिटें थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवला कीं जाळें वाळतें. हवा गाळणारा फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागें असतो. तो गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीनें बदलावा. उन्हाळ्यांत यंत्र चालू असतां गाडीखालीं पाण्याचे थेंब पडावेत, तेंच योग्य. ते पडेनासे झाले आणि पुढील जाजम भिजूं लागलें, तर निचऱ्याची नळी तुंबली असें समजावें. पुढील कांचेच्या तळाशीं सांचलेला पालाही पावसाळ्यापूर्वीं काढावा; तेथील निचरा बंद झाला म्हणजे पाणी आंत शिरूं शकतें. आणि लांबच्या प्रवासांत आंतलीच हवा फिरवीत न राहतां अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी.

आतांपर्यंत सांगितले ते वास त्रासदायक खरे, पण त्यांनीं जीवावर बेतत नाहीं. कांहीं वास मात्र पहारेकऱ्याची हांक असतात. त्यांवर सुगंध उडविणें म्हणजे पहारेकऱ्याचें तोंड दाबणें होय. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत न्यू लंडन येथील शाळेंत गळलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारें ३०० मुलें व शिक्षक मृत्युमुखीं पडले. गळती कोणास कळलीच नव्हती. त्यानंतर वायूंत मुद्दाम उग्र वास मिसळण्याचे कायदे झाले. आज सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींत जो कुजका दर्प गळतीच्या वेळीं येतो, तो असा बुद्ध्या नेमलेला रक्षक आहे. तो आल्यास गाडी मोकळ्या जागीं थांबवून इंजिन बंद करावें, दारें उघडून सर्वांनीं उतरावें, कोणतेंही बटण दाबूं नये, कांडी ओढूं नये, आणि नळकांड्याची झडप बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावें. दसऱ्याला गाडीची पूजा अवश्य करावी. परंतु निरांजन, उदबत्ती व पेटता कापूर गाडीच्या बाहेरच असूं द्यावा.

पेट्रोलचा वास, रबर किंवा तारा जळल्याचा वास, कुजक्या अंड्यासारखा वास, पाकासारखा गोडसर वास, हे सर्व यंत्रांतील बिघाडाचे असूं शकतात. गोडसर वास बहुधा इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, आणि तो द्रव विषारी आहे. गाडीच्या धुराचा वास आंत येऊं लागला तर कांचा उघडून गाडी लगेच थांबवावी. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूला वासच नाहीं. धुराच्या इतर वासावरूनच त्याचा सुगावा लागला तर लागतो. प्रवासांत सर्वांचेंच डोकें दुखूं लागलें व झांपड येऊं लागली, तर तो थकवा समजूं नये.

दोन घरगुती उपायांविषयींही सावध करितों. डांबराच्या गोळ्या गाडींत ठेवूं नयेत. कांहीं बालकांच्या रक्तांत जन्मतःच एका किण्वाची उणीव असते. अशा बालकांच्या रक्तपेशी ह्या गोळ्यांच्या वाफेनें फुटूं शकतात. कापराच्या वड्याही मुलांच्या हातीं लागतील अशा ठेवूं नयेत. पोटांत गेलेला कापूर तान्ह्यांस आंकडी आणतो. ओझोन सोडून वास घालविण्याचीं यंत्रें निघालीं आहेत. तो वायु फुप्फुसांस अपायकारक असल्यामुळें तें काम चालू असतां गाडींत कोणीही बसूं नये, व नंतर हवा पुरती खेळल्यावांचून बसूं नये.

आतां आत्याबाईंकडे वळूं. जाजम धुऊन, वाळवून, बसवून झाल्यावर आम्हीं त्यांस विनंती केली कीं, केवळ पांच मिनिटें गाडींत बसून पाहावें. त्या मागील आसनावर डोळे मिटून, नाडी पाहणाऱ्या वैद्याप्रमाणें स्वस्थ बसल्या. मग म्हणाल्या, "ती चमेली काढलीत, बरें केलेंत. पण दूध अजून आहे. इकडे नाहीं, मधल्या उंचवट्यापाशीं." आम्हां चौघांपैकीं कोणासही तेथें वास येत नव्हता. उंचवट्यावरील पट्टी उकलली, तों खालीं ओंजळभर जागा तशीच पिवळी पडलेली! ती पुन्हा धुतली. "दूध आहे, हें तुम्हांस आधींपासून ठाऊक होतें काय?" असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "गाडी तुमची. तुम्हां कोणाला त्रास होत नाहीं म्हटल्यावर मीच म्हातारी झालें असें वाटलें."

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. एकत्र कुटुंबांत मोटारीच्या पुढील आसनांवर बहुधा कर्ते पुरुष बसतात. मागें वृद्ध, मुलें, गरोदर सुना. वास त्यांनाच अधिक जाणवतो, आणि तक्रार करण्याचा संकोचही त्यांनाच अधिक. ज्याला त्रास होतो तो बोलत नाहीं, आणि ज्यानें बोलावें त्याला त्रास होत नाहीं. म्हणून घरांतील एखादें माणूस अलीकडे प्रवास टाळूं लागलें असेल, तर त्याच्या वयाची गणना करण्यापूर्वीं गाडीचें जाजम उचलून पाहावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

त्याच वर्षीं कार्तिकांत आम्ही कुंभार्ली घाटानें गुहागरास गेलों. आत्याबाई बरोबर होत्या. घाटांत त्यांनीं आपल्या बाजूची कांच बोटभर खालीं करविली, आणि एअरकंडिशनर चालू असतां कांच उघडूं नये असें त्यांस सांगण्याचें धाडस ह्या वेळीं कोणीं केलें नाहीं.